वळिवड्याचा कॅम्प, एक हरवलेलं मूल आणि जोतिबाचा डोंगर



रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "काका, तुम्ही काहीतरी जुनं लिहा," असं संपादक मंडळींनी सांगितलं. सोसायटीचं जुनं म्हणजे बोअरला पाणी कधी लागलं, लिफ्ट कधी बसली, पहिला गणपती कुणाच्या पार्किंगमध्ये बसला. ते सगळं इतर लेखांत येणारच. म्हणून मी सोसायटीच्या गच्चीवरून दिसणाऱ्या एका गोष्टीबद्दल लिहितो.

आपल्या गच्चीवरून पाऊस उघडल्यावर वायव्येला जोतिबाचा डोंगर स्वच्छ दिसतो. वरचं टोक कापून टाकल्यासारखा त्याचा आकार लांबूनही ओळखू येतो. आता पाठ फिरवून पूर्वेकडे बघा. त्या बाजूला गांधीनगर. आपल्यापैकी असं एकही घर नसेल, ज्यांच्या लग्नाचा बस्ता गांधीनगरात बांधला नाही. दिवाळीचे कपडे, चादरी, पडदे, आहेराच्या साड्या, सगळं तिथूनच. पण त्या बाजारपेठेच्या जागी एकेकाळी पाच हजार पोलिश माणसं राहत होती, हे आपल्या मुलांना माहीत नसतं. खरं सांगायचं तर पस्तिशीपर्यंत मलाही माहीत नव्हतं.

सन १९८५ च्या सुमारास माझी बदली गांधीनगरच्या शाखेत झाली. एका सिंधी कापड व्यापाऱ्याच्या कॅश क्रेडिटसाठी गोदामाची तपासणी करायला गेलो होतो. स्टॉक मोजून झाला आणि चहा येईपर्यंत मी सहज विचारलं, "शेठ, हे गोदाम बांधलं कुणी? जोतं जुनं दिसतंय." ते म्हणाले, "साहेब, हे आम्ही नाही बांधलं. आम्ही अठ्ठेचाळीस साली आलो तेव्हा ही बराक अशीच उभी होती. पोलंडवाले राहायचे." मी मान डोलावली. मनात म्हटलं, इंग्रजांची काहीतरी लष्करी छावणी असणार. पोलंड आणि कोल्हापूर यांचा काय संबंध? पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. पुढे बरीच वर्षं मिळेल ते वाचत गेलो, जुन्या माणसांना विचारत गेलो. त्याचा हा गोषवारा.

१ सप्टेंबर १९३९ ला हिटलरने पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला, हे आपण शाळेत शिकलो. त्यानंतर सोळा दिवसांनी, १७ सप्टेंबरला, पूर्वेकडून रशियाचं सैन्य पोलंडमध्ये शिरलं, हे सहसा शिकवत नाहीत. दोघांनी मिळून देश वाटून घेतला. पूर्व भागातल्या पोलिश लोकांना रशियाने सक्तीने उचलून सैबेरियात, अर्खांगेल्स्कच्या जंगलात, कझाकस्तानच्या माळावर नेऊन टाकलं. १० फेब्रुवारी १९४० च्या पहाटे पहिली मोठी धरपकड झाली. शेतकरी, शिक्षक, वनरक्षक, सैनिकांची कुटुंबं, कुणीही सुटलं नाही. थोडा वेळ दिला, हाताला लागेल ते घ्यायचं आणि मालगाडीत चढायचं. अशी काही लाख माणसं गेली. थंडी, उपासमार आणि टायफस यांत किती मेली, याचा धड हिशेब अजून लागलेला नाही.

जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला आणि पारडं फिरलं. ३० जुलै १९४१ ला लंडनमधल्या पोलिश सरकारचा आणि रशियाचा करार झाला. या लोकांची सुटका झाली आणि जनरल आंडर्स यांच्या हाताखाली पोलिश सैन्य उभं राहू लागलं. हे सैन्य दक्षिणेकडे निघालं, तशी बायकापोरंही त्याच्या मागे निघाली. १९४२ सालात मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये एक लाखाहून अधिक पोलिश माणसं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरावर उतरली. अंगावरचे उवांनी भरलेले कपडे किनाऱ्यावर जाळले, डोक्यावरचे केस काढले. बरेच जण तिथवर पोचले आणि तिथेच संपले. पहलवीला ६३९ आणि तेहरानच्या दुलाब दफनभूमीत सुमारे १,९०० पोलिश कबरी आहेत.

पुरुष सैन्यात गेले. हेच सैन्य पुढे मे १९४४ मध्ये इटलीत मोन्ते कासिनोच्या लढाईत जिंकलं. त्या वर्षी आपल्या मराठा पलटणीही इटलीतच लढत होत्या आणि नाईक यशवंत घाडगे यांना जुलैमध्ये तिथे वीरमरण येऊन व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मागे राहिलेल्या बायका-मुलांना मात्र ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता. कुणी पूर्व आफ्रिकेत गेले, कुणी मेक्सिकोत, ७३३ मुलं न्यूझीलंडला गेली. आपल्या देशात पहिला हात पुढे केला जामनगरच्या जामसाहेबांनी. दिग्विजयसिंहजींनी १९४२ मध्ये समुद्रकाठी बालाचडीला पोलिश मुलांसाठी छावणी उघडली. त्यापाठोपाठ १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानाच्या हद्दीत, कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्गालगत वळिवड्याला, कुटुंबांसाठी मोठी वसाहत उभी राहिली. माणसं कराचीहून टप्प्याटप्प्याने इकडे आली. कोल्हापूरची हवा बरी, उंची सुमारे अठराशे फूट, पाणी मुबलक आणि संस्थानाने १८९१ मध्येच सुरू केलेली रेल्वे दारात. सैबेरियातून आलेल्या माणसांना मुंबई-मद्रासचा उकाडा सोसला नसता.

वसाहतीत सुमारे पाच हजार लोक होते. त्यांत बायका, मुलं आणि म्हातारी माणसंच जास्त. रांगेने कौलारू बराकी, त्यांत प्रत्येक कुटुंबाला खोल्या. बालवाडीपासून माध्यमिकपर्यंत पोलिश शाळा, दवाखाना, अनाथाश्रम, चर्च, नाटकं, सिनेमा, स्काउटची पथकं. थोडक्यात, आपल्या सोसायटीत जे जे आहे ते सगळं आणि शिवाय शाळा. खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारच्या खात्यावर पडत होता. बँकेतला माणूस म्हणून मला यातलं एक फार लागलं. जुलै १९४५ मध्ये इंग्लंड-अमेरिकेने त्या सरकारची मान्यताच काढून घेतली. त्याआधी फेब्रुवारीत याल्टाला पूर्व पोलंड रशियाकडे राहणार हे ठरून गेलं होतं. म्हणजे वळिवड्यात बसलेल्या बाईला एका वर्षात दोन गोष्टी कळल्या: आपलं गाव आता आपल्या देशात नाही, आणि आपला खर्च देणारं सरकारही आता सरकार राहिलेलं नाही.

त्या काळी कोल्हापूरच्या गादीवर कोण होतं? राजाराम महाराज २६ नोव्हेंबर १९४० ला वारले, त्यांना मुलगा नव्हता. दत्तक घेतलेले छत्रपती शिवाजी महाराज नोव्हेंबर १९४१ चे. म्हणजे वळिवड्याला पहिल्या गाड्या आल्या तेव्हा राजे दोन वर्षांचेही नव्हते. कारभार राजमाता ताराबाईसाहेब आणि मंडळाच्या हाती होता. हे बालराजे सप्टेंबर १९४६ मध्ये, पाच वर्षांचे होण्याआधीच गेले. माझी आजी सांगायची, त्या दिवशी गावात चुली पेटल्या नव्हत्या. वसाहतीतल्या कितीतरी पोलिश मुलांच्या वयाचे होते ते.

आता मुद्द्यावर येतो.

१९९८ मध्ये महावीर उद्यानात पोलिश लोकांचं स्मारक उभं राहिलं. त्या निमित्ताने वसाहतीत वाढलेली मंडळी कोल्हापूरला आली होती. माझी बदली तोवर शहरातल्या शाखेत झाली होती. गांधीनगरच्या त्याच शेठजींचा मुलगा एके दिवशी एका बाईंना घेऊन माझ्या टेबलासमोर उभा राहिला. "साहेब, पप्पा म्हणाले, हे तुम्हालाच माहीत असणार." बाई साठीच्या पुढच्या, इंग्लंडात स्थायिक झालेल्या. अंगाने बारीक, केस पांढरेशुभ्र. मी खुर्ची दिली, चहा मागवला. त्या म्हणाल्या, "मला चहा नंतर चालेल. मला माझा भाऊ शोधायचा आहे."

मला वाटलं, भाऊ इथेच राहिला की काय. तसं अशक्य नव्हतं, कारण एक पोलिश मुलगी लग्न करून कोल्हापूरची सून झाली आणि इथेच राहिली, हे मला ठाऊक होतं. पण तसं नव्हतं. हा भाऊ वसाहतीत आला तेव्हा तीन वर्षांचा होता आणि १९४४ च्या पावसाळ्यात तापाने गेला. पेनिसिलिन तेव्हा सामान्य माणसापर्यंत पोचलेलं नव्हतं. बाई स्वतः दहा वर्षांच्या होत्या. त्यांनाही ताप होता, म्हणून आईने त्यांना पुरायला नेलं नाही. आई दर रविवारी एकटीच जायची. "मला एकदाही नेलं नाही. आणि अठ्ठेचाळीस साली आम्ही घाईघाईत निघालो."

वसाहतीतल्या मृतांना शहरातल्या ख्रिश्चन दफनभूमीत ठेवत, एवढं मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हाफ डे टाकून मी त्यांना घेऊन गेलो. गवत मांडीपर्यंत वाढलेलं. काही कबरींवर नावं वाचता येत होती. त्या पोलिश अक्षरं बोटाने साफ करून मोठ्याने वाचत. काही ठिकाणी नुसता उंचवटा, आणि काही ठिकाणी तेवढाही नाही. दोन तास फिरलो. भावाचं नाव कुठे मिळालं नाही.

बँकेत आम्हाला एक शिकवलेलं असतं. व्हाउचर नसेल तर लेजर बघ, लेजर नसेल तर डे-बुक बघ. मी त्याच नादाने दोन-तीन ठिकाणी विचारलं. एका ठिकाणी जुनी वही निघाली, पण ती पुढच्या काळातली. दुसऱ्या ठिकाणी "इतकं जुनं कोण ठेवतं?" असं उत्तर मिळालं. वही नाही, दगड नाही. मग मी त्यांना विचारलं, "तुमच्या आईने जागेबद्दल कधी काही सांगितलं होतं का? काहीही."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आई म्हणायची, त्याच्या पायाशी उभं राहिलं की समोर एक डोंगर दिसतो. टोक कापलेला. कॅम्पात दूध घालायला येणारा माणूस तिला सांगायचा, त्या डोंगरावर देव आहे. वसंतात लोक लांब लांब काठ्या घेऊन तिथे जातात आणि येताना सगळे गुलाबी होऊन येतात. आईला वाटायचं, तो चेष्टा करतोय."

मला क्षणभर बोलता आलं नाही. चैत्र पौर्णिमा, सासनकाठ्या आणि गुलाल! दूधवाला चेष्टा करत नव्हता. मी त्यांना म्हटलं, "बाई, तो जोतिबा. माझ्या आजोळचा देव आहे तो."

तेव्हा आजच्याइतक्या इमारती नव्हत्या. आम्ही दफनभूमीत पुन्हा गेलो आणि डोंगर कुठून दिसतो ते पाहत फिरलो. झाडं आड येत होती. एका कोपऱ्यातून मात्र नीट दिसत होता. त्या कोपऱ्यात सात-आठ लहान उंचवटे होते, मोठ्या माणसाच्या मापाचे नव्हेत. एकावरही नाव नव्हतं. त्या प्रत्येकापाशी जाऊन पायथ्याशी उभ्या राहिल्या, डोंगराकडे पाहिलं आणि पुढच्याकडे गेल्या. शेवटी सगळ्यांच्या मधोमध त्यांनी फुलं ठेवली. "कुठला तरी एक त्याचा असेल," एवढंच म्हणाल्या. असेलही, नसेलही. झाडं गेल्या पन्नास वर्षांत वाढलेली. आणखी कुठून डोंगर दिसत असेल ते कसं सांगणार? पुराव्याने सिद्ध झालं असं मी तेव्हाही म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही.

परत येताना रिक्षात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांना एक धाकटी बहीणही होती. १९४२ मध्ये रशियातून दक्षिणेकडे येताना मालगाडीतच गेली, काही महिन्यांची असताना. गाडी कुठेतरी माळावर थांबली तेव्हा आईने तिला खाली ठेवलं. गाव नाही, स्टेशन नाही, डोंगर नाही. गाडी सुटायच्या आत परत चढायला हवं, कारण आत दोन मुलं होती. "माझ्या भावाला निदान गाव मिळालं. आई म्हणायची, तो कोल्हापूरचा आहे."

त्यांनी पर्समधून वही काढली आणि भावाचं नाव, जन्मवर्ष आणि मृत्यूचं वर्ष मला मराठीत लिहून द्यायला सांगितलं. "इथल्या माणसाला वाचता यायला हवं," म्हणाल्या. मी लिहून दिलं आणि एक प्रत माझ्या डायरीत ठेवली. ते नाव मी इथे छापत नाही. ते त्यांच्या घरचं आहे. पुढे सहा-सात वर्षं नाताळला त्यांचं कार्ड यायचं. मग यायचं थांबलं.

हे सगळं मला इतकं का लागलं, तेही सांगून टाकतो. घरातही मी फारसं बोललेलो नाही.

माझं आजोळ जोतिबाच्या पायथ्याला, कुशिऱ्याच्या बाजूला. माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. १९४७ च्या पावसाळ्यात ती माहेरी गेलेली असताना हगवणीने तो गेला. नऊ महिन्यांचा होता. आपल्याकडे एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. ओढ्याकाठी करंजाच्या झाडाजवळ त्याला ठेवला. मी पुढे तीन वर्षांनी झालो, तेव्हा आईने जोतिबाला नवस फेडला, गुलाल-खोबरं उधळलं, दवणा वाहिला. लहानपणी आजोळी गेलो की संध्याकाळी ती मला ओढ्यापर्यंत न्यायची. तिचं बोलणं अजून कानात आहे: "करंजाच्या बुडाला पाठ लावायची आन् देवाच्या डोंगराकडं तोंड करायचं. म्होरं धा पावलं. तितं हाय तुजा थोरला." मी दहा पावलं मोजायचो. माझी पावलं लहान होती, त्यामुळे जागा दरवेळी अलीकडेच यायची आणि आई हसायची.

पुढे तिथे रस्ता झाला. ओढ्याला मोरी बांधली, करंज तोडला. रस्ता गावाला हवाच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आई १९८९ मध्ये गेली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या मुलाचं नाव मी कधी विचारलंच नाही. ती त्याला "थोरला" म्हणायची. बारसं झालं होतं, म्हणजे नाव असणारच. मामा गेले होते, मावशी गेल्या होत्या. आज ते नाव जगात कुणालाही माहीत नाही. चौतीस वर्षं लोकांच्या खात्यांवर नावं बरोबर आहेत का ते तपासणाऱ्या माणसाला आपल्या सख्ख्या भावाचं नाव माहीत नाही.

१९४४ मध्ये एक पोलिश बाई आणि १९४७ मध्ये माझी आई. दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही, दोघींची भाषा वेगळी, देव वेगळा. पण मुलाची जागा लक्षात ठेवायला दोघींनी एकच डोंगर धरला, कारण दुसरी टिकाऊ खूण जवळ नव्हती. फरक इतकाच की त्या बाईच्या मुलीने नाव जपलं आणि जागा हरवली. मी जागा थोडीफार जपली आणि नाव हरवलं.

पुढची हकिगत थोडक्यात. बालाचडीची छावणी १९४६ मध्ये बंद झाली आणि तिथली मुलं वळिवड्याला आली. १९४७ च्या अखेरीपासून वळिवड्याचीही आवराआवर झाली. सैनिकांची कुटुंबं बहुतेक इंग्लंडला गेली. काही जण ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेत गेले, थोडेच पोलंडला परतले. १९४८ मध्ये त्याच बराकींत फाळणीने घर सुटलेले सिंधी बांधव आले. निघालेल्या निर्वासितांच्या खोल्यांत आलेले निर्वासित शिरले. त्यांनी फेरीवर कापड विकत विकत आजचं गांधीनगर उभं केलं. त्यांच्यातलेही कितीतरी जण सिंधमध्ये कुणाला तरी पुरून किंवा जाळून आले होते. त्या जागा त्यांनीही पुन्हा पाहिल्या नाहीत.

हा विषय नंतर विसरला गेला नाही, याचं समाधान आहे. ख्रिश्चन दफनभूमीतल्या पोलिश कबरींची पोलिश वकिलातीच्या पुढाकाराने डागडुजी झाली. २०१७ मध्ये पोलंडची राजधानी वॉर्सा इथे कोल्हापूरच्या नावाचं स्मारक उभारलं गेलं. सप्टेंबर २०१९ मध्ये पोलिश शिष्टमंडळ आणि कॅम्पात वाढलेली वृद्ध मंडळी कोल्हापूरला आली. ऑगस्ट २०२४ मध्ये आपले पंतप्रधान वॉर्साला गेले, तेव्हा त्यांनी त्या स्मारकावर फुलं वाहिली. टीव्हीवर ते बघताना माझा नातू म्हणाला, "आजोबा, तिथे कोल्हापूर कसं काय लिहिलंय?" त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हा लेख.

आता सभासद मंडळींना दोन विनंत्या.

पहिली, पुढच्या वेळी बस्त्याला गांधीनगरला जाल तेव्हा मुलांना सांगा की या गावात एकापाठोपाठ एक दोन देशांतले बेघर लोक येऊन राहिले आणि कोल्हापूरने दोघांनाही जागा दिली. रविवारी महावीर उद्यानात फिरायला गेलात तर तिथल्या स्मारकापाशी दोन मिनिटं थांबा.

दुसरी विनंती सेक्रेटरींना. सोसायटीच्या ऑफिसात शेअर सर्टिफिकेटचं रजिस्टर आहे, मेंटेनन्सचं आहे, पार्किंगचं आहे. आणखी एक वही ठेवावी. प्रत्येक घराने तिच्यात आपलं मूळ गाव, आजी-आजोबांची आणि पणजोबांची नावं, आणि घरातलं कुणी अकाली गेलं असेल, अगदी बारशानंतर पंधरा दिवसांत गेलं असेल, तरी त्याचं नाव लिहावं. पंचवीस वर्षांत आपल्या सहा इमारतींतूनही बरीच माणसं गेली. काहींचे फ्लॅट विकले गेले, पाट्या बदलल्या. ज्यांच्या घरात अजून ऐंशी-नव्वदीची माणसं आहेत त्यांनी आजच विचारून घ्या. मी विचारायचं राहून गेलो. तुम्ही राहू नका.

वहीचं पहिलं पान मी भरून देणार आहे. माझ्या आईवडिलांची नावं लिहीन. त्याखाली "थोरला, १९४७, कुशिरे" असं लिहीन. आणि ज्या पोलिश मुलाचं नाव माझ्या डायरीत आहे, तेही शेवटी एका ओळीत लिहून ठेवीन. त्याच्या बहिणीने ते इथल्या माणसाला वाचता यावं म्हणूनच तर लिहून घेतलं होतं.

सोसायटीला सुवर्णमहोत्सवासाठी मनःपूर्वक शुभेच्छा. मी तेव्हा नसेन, वही असावी.

जोतिबाच्या नावानं चांगभलं!